खालच्या फाटकाच्या तीन फळ्या

आमच्या गावाला दोन नद्या आहेत, असं लहानपणी मी कितीतरी वर्षं समजत होतो. एक खरी, वाळूची, उन्हाळ्यात दोरीएवढी उरणारी. दुसरी दगडी काठांची, बारा महिने भरलेली, वळणं न घेता सरळ चालणारी. ही दुसरी म्हणजे गिरणीचा कालवा. गावाच्या वर नदीला बंधारा घालून गिरणीच्या मालकांनी पाणी कोसभर फिरवून आणलं होतं. वडील सांगत की आधी कालवा झाला, मग गिरणी उभी राहिली, मग कामगारांच्या चाळी, मग कापसाचा बाजार, आणि सगळ्यांत शेवटी गाव. म्हणून आमच्याकडे पत्ता सांगताना कुणी पूर्व-पश्चिम म्हणत नसे. 'कालव्याच्या वरच्या अंगाले' नाहीतर 'खालच्या अंगाले', एवढ्यात माणूस सापडत असे. आम्ही खालच्या अंगाला राहत होतो, अगदी शेवटी, जिथे गिरणीचं उरलेलं पाणी पुन्हा नदीत सोडत. त्या जागेला खालचं फाटक म्हणत. त्या फाटकापायी एका माणसाची नोकरी गेली आणि त्याचं नावही गेलं. ते माझ्यामुळे गेलं. आजवर हे मी कागदावर उतरवलेलं नाही, म्हणून हे प्रकरण.

वडील, बळीराम झाडे, कालव्याचे मुकादम होते. मूळचे अल्लीपूरचे, घरची शेती धाकट्या भावावर सोपवून गिरणीत आलेले. त्यांना मिळालेलं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं आणि त्याची मागची भिंत कालव्याच्या काठाला लागून होती. भिंतीला कान लावला की पाण्याचा आवाज येई. गिरणीचा भोंगा दिवसातून अनेकदा वाजे, त्यावर आईची चूल चाले. पहिल्या भोंग्याला ज्वारीच्या कण्या शिजायला ठेवायच्या, दुसऱ्याला भाकरी थापायला घ्यायच्या. मागच्या दारी कालव्यात रंगखात्याचं पाणी उतरे. कधी निळं, कधी लालभडक. आई त्या पाण्याकडे बघून सांगे, "आज लुगड्याचा माल हाय वाटते," आणि जवसाच्या चटणीचा गोळा माझ्या ताटात टाके. भोंगा, मागांची खटखट, फाटकावरून पडणाऱ्या पाण्याची धार, या तिन्ही आवाजांत मी वाढलो, आणि सतराव्या वर्षी मला ते तिन्ही नकोसे झाले होते. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. घरात बसवत नव्हतं. जेवताना मी ताटावरून दोनदा उठत असे. कारण नसताना कालव्याच्या काठाने बंधाऱ्यापर्यंत जाऊन परत येई. आई म्हणे, "अंगात काय भरलं रे तुह्या? मुंग्या चावून राह्यल्या का?" मला नागपूरला जायचं होतं. तिथे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. इथे नसायचं, एवढंच पक्कं होतं. आता या वयात पायांना घराबाहेर पडायचा कंटाळा येतो, तेव्हा त्या पोराची तगमग मलाच परक्यासारखी वाटते.

खालच्या फाटकाचे राखणदार देवाजी कुमरे. जातीने गोंड, आर्वीकडच्या जंगलपट्टीतले. कालव्याच्या दुरुस्तीला दगड फोडायला म्हणून आले आणि फाटकावरच राहिले. मी त्यांना देवाजीमामा म्हणत असे. आमच्या क्वार्टरला लागून त्यांची एक खोली होती, तिथे ते, बायको आणि लहानगा श्रावण राहत. घरात ते आपल्या भाषेत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत. चैत्रात ते मोहाची फुलं भाजून, त्यात तीळ घालून कुटत आणि त्याचे मूठभर गोळे धोतराच्या सोग्यात बांधून कामावर आणत. गोडसर, थोडं जळकट, टाळूला चिकटणारं ते खाणं मला फार आवडे. "घे बाबू," म्हणत ते अर्धा गोळा मला देत, "शाळा शिकलेल्यायच्या पोटालेबी हे चालते."

फाटक म्हणजे दगडी खांबांच्या खाचांमध्ये एकावर एक बसवलेल्या सागाच्या फळ्या. वर लोखंडी चाक आणि साखळी. साखळीचा आकडा फळीच्या कडीत अडकवायचा, चाक फिरवायचं, फळी वर येते आणि तेवढं पाणी नदीत उतरतं. दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढण्यासाठी गिरणी आठ दिवस बंद ठेवून कालवा रिकामा करत. पण तेव्हाच फाटकाच्या खाली, नदीच्या कोरड्या वाळूत ढिवरांच्या, म्हणजे नदीवरच्या मासेमारांच्या, डांगरवाड्या फळाला आलेल्या असत. वाळूत खड्डे करून, त्यांत खत भरून, घागरीने पाणी घालून वाढवलेले डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, आणि टरबुजाचे वेल. त्या लोकांचा वर्षाचा जीव त्या वाळूत असे. म्हणून देवाजीमामांनी एक रीत पाडली होती. पहिली फळी काढायच्या आधी ते स्वतः वाळूत उतरत. वाडीतली सर्वांत वडील बाई म्हणजे भागाबाई. तिला हाक मारत. मग वाडीवाले फावडी घेऊन पलीकडच्या काठाने वाळूत चारी काढत, म्हणजे सुटलेलं पाणी वेलांना न शिवता बाजूने निघून जाई. चारी झाली की भागाबाई हात वर करून ओरडे, "सोड गा आता!" त्यानंतरच देवाजीमामा वर येऊन फळी काढत. तीही एकच. दुसरी दुसऱ्या दिवशी. गिरणीच्या नियमात यातलं काही नव्हतं. उलट फाटकाजवळच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं की राखणदाराने फाटक सोडून जाऊ नये. साहेबलोकांना ही रीत ठाऊक नव्हती आणि वडिलांना ठाऊक असून ते काही बोलत नसत.

त्या वर्षी माझा मावसभाऊ एका लॉरीवर क्लीनर होता. त्याने निरोप पाठवला की लॉरी अमुक दिवशी दुपारपर्यंत नागपूरच्या रस्त्यावर जाम गावाला थांबेल, तू तिथवर ये, नागपूरला एका कारखान्यात तुझं सांगून ठेवतो. नेमका तोच दिवस फाटक उघडायचा. साखळी धरणारा माणूस लग्नाला गेलेला. सकाळी मी मागून आणलेली सायकल पुसत होतो, तर वडील म्हणाले, "कुठं निघाला?"

"जामले."

"देवाजीसंग फाटकावर थांब. साखळी धरायले माणूस पाह्यजे. पहिली फळी निघाली का जाजो कुठं जायचं तं."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जाय रे, एका फळीले किती वेळ लागते?"

फाटकावर देवाजीमामांनी मला गोळा दिला, स्वतः एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "चाकाले हात लावू नको, बाबू. मी खालून येतो." आणि उतारावरून वाळूत निघाले. मी उभा राहिलो. ऊन चढत होतं. वाळूत त्यांचं पांढरं धोतर लहान लहान होत गेलं. वाडीवाले त्या दिवशी नेमके पार पलीकडच्या टोकाला होते, ते मला वरून दिसत होतं. तिथवर जायचं, हाक मारायची, मग चारी काढायची, मग परत यायचं. माझ्या मनात सारखी लॉरी सुरू होत होती. मी दोनदा सायकलीपर्यंत गेलो, दोनदा परत आलो. पहिली फळी निघाली की मी मोकळा, असं वडील म्हणाले होते. एका फळीचं पाणी ते काय! वाळूच पिऊन टाकेल, असं मी स्वतःला समजावलं. आकडा कडीत अडकवला आणि चाक धरलं.

वर्षभर पाण्यात राहून सागाच्या फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या फळीच्या मध्ये आधी लाकडी पाचर ठोकून त्या सोडवून घ्याव्या लागतात. देवाजीमामा दरवर्षी ठोकत. मी दरवर्षी बघत आलो होतो. त्यांना तशी ठोकाठोक करायची सवयच आहे, असं मला वाटे. मी पाचर न ठोकता सगळा जोर लावून चाक फिरवलं. आधी काही हललं नाही. मग करकर असा आवाज झाला आणि एक नाही, तीन फळ्या एकमेकींना धरून वर आल्या. खालून पाण्याची भिंत निघाली. मी चाक उलटं फिरवायला गेलो, पण फळ्या खाचेत तिरक्या अडकल्या होत्या. एवढं झालं तोवर कदाचित माफ होतं. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. देवाजीमामा अजून हाकेच्या अंतरावर होते, माझा आवाज त्यांना गेला असता, त्यांचा पुढे गेला असता, आणि निदान वरच्या रांगांतली डांगरं लोकांनी उचलून घेतली असती. मी ओरडलो नाही. घरातून सायकल काढली आणि जामच्या रस्त्याला लागलो. पायडल मारताना पाण्याचा आवाज मागून येत होता, तो पुष्कळ दूरवर येत राहिला.

जामला लॉरी नव्हती. रस्त्यावरचा चहावाला म्हणाला, "ते तं कवाच गेले." दिवस कलायच्या आत मी घरी परतलो.

वाळू नदीसारखी दिसत होती. वेल मुळासकट उपटून वाहून गेले होते, काही बाभळींना अडकून लोंबत होते. डांगरं फुटून चिखलात पडली होती आणि गाई ती खात होत्या. माणसं वाचली, कारण ती उंच टोकाला होती; देवाजीमामाही काठावर चढून वाचले होते. भागाबाई वाळूत बसून होती. तिच्याजवळ जायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मॅनेजरसाहेबांची खुर्ची आली. वडील, गिरणीचे दोन कारकून, वाडीतले सगळे, आणि मधोमध देवाजीमामा हात जोडून.

"फाटक किसने खोला?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी खाली हाक द्याले चाललो होतो. फाटकावर मधूबाबू होता."

"हाक? कैसी हाक? फाटक छोडके तुम गये क्यों?"

वाडीतला एक जण मधेच म्हणाला, "आमाले तं कोनी हाक देल्ली नाई साहेब. पानीच आलं."

"पोचलोच नोयतो ना बापा अजून," देवाजीमामा त्याला म्हणाले. "तुमी पार तिकडे होते."

साहेब माझ्याकडे वळले. मी वडिलांकडे पाहिलं. वडील पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. मला फाटकावर थांबायला त्यांनीच सांगितलं होतं, नियमाविरुद्ध. ते बोलले असते तर त्यांचीही नोकरी गेली असती.

"मी सकाळी जामले गेलतो," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"तुम निकले तब ये आदमी होश में था?"

कुणी माझ्याकडून हे वदवून घेतलं नाही. साहेबांनी विचारलं, आणि मला एकदम वाट दिसली. मी म्हणालो, "त्यायच्या तोंडाले मोहाचा वास येत होता."

हेही खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं. मोह म्हटलं की दारू, आणि गोंड म्हटलं की दारू, हे तिथे जमलेल्यांना शिकवावं लागत नव्हतं. भागाबाई उठून उभी राहिली. "म्हणजे पेऊन होता मुडदा! माह्ये लेकरं काय खातीन रे आता?" कारकुनांनी माना हलवल्या. देवाजीमामा माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघत होते असं मी म्हणणार नाही. ओळखीचा माणूस दुरून येत असावा आणि जवळ आल्यावर तो दुसराच निघावा, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "भाजलेला मोह होता साहेब," ते म्हणाले. "पोरानंबी खाल्ला." पण तोवर साहेब उठले होते.

त्या दिवशी जेवताना आईने माझ्या ताटात भाकरी वाढली नाही. ती तशीच हातात धरून म्हणाली, "वास तुह्या तोंडालेबी येत होता. सायकल घ्याले घरात आला, तवा मले आला."

वडील म्हणाले, "चूप राह्य. आता काई बोललं तं मीबी जाईन अन् घरबी जाईन."

"अन् त्याचं गेलं ते?"

वडील आचवायला उठले. माझी भाकरी आईने शेवटी ताटात ठेवली, पण मागच्या दाराकडे तोंड करून. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोले. वडिलांवर मी कधी राग धरला नाही. तोंड माझं होतं.

देवाजीमामांना आठवड्यात खोली सोडायला सांगितलं. आणि तेवढ्या काळात दुसरा माणूस मिळेना, म्हणून साहेबांनी वडिलांना निरोप दिला की तुमच्या पोराला फाटकावर बसवा. मी नागपूरला निघालो होतो, आणि ते चाक माझ्या हातात आलं.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी देवाजीमामा आपण होऊन फाटकावर आले. कुणी बोलावलं नव्हतं. हातात पाचर आणि हातोडा. मी उभा राहिलो. दोन रात्री घोकलेलं बोलायला लागलो, "मामा, मी तवा..."

"पाचर पाह्य," ते म्हणाले.

"मामा, माह्याकडून..."

"बोलाचं असतं तं कडुनिंबाखाली बोलाचं होतं, बाबू. आता हे शिक. खाली माणसं हायेत."

मग त्यांनी मला सगळं शिकवलं. पाचर कुठे धरायची, कितीदा ठोकायची, फळी सुटली की लाकडाचा आवाज कसा बदलतो. आकडा सरळ बसला नाही तर फळी तिरपी येते. पाऊस वर पडला तर बंधाऱ्याचं पाणी इथे यायला किती वेळ लागतो. माझा हात धरून त्यांनी चाकावर ठेवला, माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून फिरवला. तो हात सोडवून घ्यावासा मला वाटत होता. शेवटी म्हणाले, "भागाबाईले कमी आयकू येते. दोनदा हाक देजो. ती दिसेपर्यंत वापस फिरू नको." आणि पाचर माझ्याजवळ ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान बैलगाडीत गेलं. श्रावण गाडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसला होता. मला हात करू की नको, ते त्याला कळत नव्हतं.

मी दोन वर्षं ते फाटक सांभाळलं. पुढच्या उन्हाळ्यात वाडी पुन्हा लागली. मी वाळूत उतरून भागाबाईला हाका दिल्या आणि चारी झाल्यावरच फळी काढली. ती एकदा मला डांगर देत म्हणाली, "तू बरा हायेस रे पोरा. तो दारुड्या गेला ते बरं झालं." मी ते डांगर घेतलं. मग नागपूरला गेलो, छापखान्यात लागलो, लग्न, मुलं, बढत्या. गिरणी बंद पडली, कालव्यात झाडं उगवली. आर्वीच्या गाडीत मी दोनदा बसलो आणि दोनदा मधेच उतरलो. निवृत्त झाल्यावर एकदाचा त्यांच्या गावी पोचलो, तेव्हा देवाजीमामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. श्रावण अंगणात बांबू फाडत होता. केस पांढरे झालेले. मी ओळख सांगितली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो बांबू फाडत राहिला. माझं संपल्यावर कोयता खाली ठेवून आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आला.

तो गिरणीने दिलेला कागद होता, इंग्रजीत टाइप केलेला. कामावर नशेत आढळल्याने कमी केले आहे, असा त्याचा मजकूर होता.

"बापाले वाचता येत नोयतं," श्रावण म्हणाला. "त्याले वाटे, गिरणीनं कामाची चिठ्ठी देल्ली. आरोप तं आरोप, पण इतके वर्षं काम केलं, ते तं साहेबानं लिहून देल्लंच असन. जंगलखात्यात, ठेकेदाराकडे, जिथं काम मांगे तिथं हाच कागद दाखवे. लोक वाचत, वापस देत. काम नाई म्हणत. तो पुन्हा नीट घडी घाले."

"तुला कधी कळलं?"

"सातवी-आठवीत होतो. वाचलं. बापाले सांगतलं नाई. काय सांगू? सांगतलं तं त्याच्यापाशी कोणता कागद राह्यला असता?"

आतून त्याच्या आईच्या खोकल्याचा आवाज येत होता. श्रावणने मला पाणी दिलं आणि सरळ शब्दांत म्हणाला, "तुमी तोंडानं सांगतलं, बरं केलं. पण तोंडचं राह्यत नाई. याच्यात लिहून आहे तसं तुमीबी लिहून द्या. अन् मराठीत लिहा. मी मायले वाचून दाखवीन."

मी लिहून पाठवतो म्हणालो. त्याला आता सहा वर्षं झाली. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला चार ओळी लिहायला सहा वर्षं लागली. त्याची आई आज आहे की नाही, मला माहीत नाही. या प्रकरणाची पहिली प्रत श्रावणला जाईल. त्याला सगळं वाचायचं नसेल तर एवढंच वाचावं:

देवाजी कुमरे त्या दिवशी प्यायलेले नव्हते. ते मोहाची भाजलेली फुलं आणि तीळ खात होते, आणि त्यांनी त्यातला अर्धा वाटा मला दिला होता. फाटक त्यांनी उघडलं नाही. ते वाडीतल्या माणसांना सांगायला वाळूत गेले होते. फाटक मी उघडलं, पाचर न ठोकता, आणि कुणाला हाक न देता पळून गेलो. त्यांच्याबद्दल जे सांगितलं गेलं ते मी सांगितलं. त्यांनी त्या फाटकावर अनेक वर्षं काम केलं आणि ते चांगलं केलं.

— मधुकर बळीराम झाडे